काळजीवाहकांची काळजी

आजोबांची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस किंवा पर्युषणाची सांगता अशा निमित्ताने बौद्धिक दिव्यांग मुलांच्या निवासी संस्थेत गोड जेवण देण्याची प्रथा समाजातील अनेक कुटुंबांत आहे. मंडळी स्वहस्ते वाढतात, छायाचित्र काढतात आणि तासाभरात परततात. पंगत उठल्यावर ज्यांचे काम पुन्हा सुरू होते, त्या काळजीवाहकांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

हे काम पाहिल्याशिवाय त्याचा भार कळत नाही. पूर्ण वाढलेल्या देहाच्या तरुणाला उचलून आंघोळ घालावी लागते, भरवावे लागते, शौचानंतर स्वच्छ करावे लागते. फेफरे आले तर त्याला कुशीवर वळवून घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. दुखते कुठे हे ज्याला सांगता येत नाही, तो कधी चावतो, कधी ओरबाडतो, कधी स्वतःचेच डोके भिंतीवर आपटतो. त्यात द्वेष नसतो. ती त्याची भाषा असते. वर्षभराच्या सायासानंतर एखादा मुलगा सदऱ्याचे एक बटण लावू लागतो, आणि ते यश पाहायला बहुधा एकटी काळजीवाहकच हजर असते.

या क्षेत्रातील ताण मुलांमुळे येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. कामाचा भार मोठा आणि निर्णयाचा अधिकार अल्प, या जोडीतून ताण वाढतो, असे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडले. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, बैठकीत त्याचे मत विचारले जाते. मुलाला अहोरात्र ओळखणारी काळजीवाहक मात्र त्या बैठकीत बहुधा नसते. पुढे 1996 मध्ये समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी श्रम आणि मोबदला यांतील असमतोलाचा सिद्धांत मांडला. मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. जमाखर्चाची सवय असलेल्या व्यापारी कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

असा ताण साचत गेला की काय होते, याची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये नोंदवली: शक्तिपात, कामापासून मनाने दूर जाणे आणि कार्यक्षमता घटणे. यांतील दुसरे लक्षण मुलांच्या दृष्टीने सर्वांत घातक. आवाज कोरडा होतो, घास घाईने भरवला जातो, आणि ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्यासाठी ती घाई जिवावर बेतू शकते.

जैन परंपरेत वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप मानले आहे. परंतु तप स्वेच्छेने करायचे असते. दुसऱ्याच्या अल्प वेतनाला ‘सेवाभाव’ म्हणणे म्हणजे त्याच्याकडून सक्तीने उपवास करवून घेणे होय. देणगीदारांना खोली, पंखे, भांडी देणे आवडते, कारण त्यांवर नाव कोरता येते. वेतनावर ते कोरता येत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबतही एक गैरसमज आढळतो. प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून पगारासाठी पैसा देता येत नाही, असे अनेकांना वाटते. ती मर्यादा सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे. प्रकल्पात मुलांना प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांचे वेतन हा प्रकल्पाचाच खर्च ठरतो.

तेव्हा पुढच्या वेळी जेवणाची तारीख ठरवताना व्यवस्थापकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. रात्रपाळीला किती मुलांमागे किती माणसे असतात? आणि काळजीवाहकाच्या सुटीच्या दिवशी बदली कोण येते? अनेक ठिकाणी बदली कोणीच नसते, म्हणून हक्काची सुटीही कागदावरच राहते. वर्षभरासाठी एका बदली काळजीवाहकाचे वेतन चार कुटुंबांनी मिळून उचलले, तरी आठवड्यातून एक दिवस प्रत्येकीला आळीपाळीने घरी राहता येईल, स्वतःच्या मुलाच्या शाळेतील पालकसभेलाही जाता येईल.