भूगर्भातील शोध आणि कंपन्यांचा खर्च

गावच्या माळावर विंधनयंत्र उभे राहिले, की आता येथे खाण येणार, अशी वार्ता पंचक्रोशीत पसरते. जमिनीचे भाव चढू लागतात, दलालांच्या खेपा सुरू होतात. काही महिन्यांनी यंत्र निघून जाते आणि मागे उरतात ती बुजविलेली छिद्रे. असे का घडते, हे जाणून घ्यावयाचे तर खनिजांच्या शोधावर कंपन्या केव्हा सढळ हाताने खर्च करतात व केव्हा हात आखडता घेतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

शोधाचे टप्पे

प्रथम भूशास्त्रीय नकाशे पाहिले जातात. त्यानंतर माती व खडकांचे नमुने घेणे, विमानातून चुंबकीय सर्वेक्षण करणे ही कामे होतात. या टप्प्यावर खर्च तुलनेने कमी असतो. खरा खर्च सुरू होतो तो विंधनापासून. खडकाचा गाभा काढून, पेट्यांत भरून तो प्रयोगशाळेत तपासावा लागतो. तपासलेल्या अनेक स्थळांपैकी अगदी मोजकीच खाणीच्या अवस्थेस पोहोचतात आणि त्यासही बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. खनिज तेलाचा शोध तर याहून महाग आहे. खोल समुद्रातील एका विहिरीस शेकडो कोटी रुपये लागू शकतात आणि ती कोरडी निघाल्यास सारा पैसा पाण्यात जातो.

भावाचा चढउतार

शोधाचा खर्च बाजारभावाच्या पाठोपाठ चालतो. लोह वगळता इतर धातूंच्या शोधासाठी जगातील कंपन्यांनी २०१२ साली सुमारे २,००० कोटी डॉलरची तरतूद केली होती. धातूंचे भाव उतरल्यावर २०१६ साली ती सुमारे ७०० कोटींवर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशावर आली. २०२२ पर्यंत ती पुन्हा १,३०० कोटींच्या आसपास पोहोचली. मोठ्या कंपन्या शोधाचा खर्च आपल्या नफ्यातून करतात, तर लहान कंपन्या भागभांडवल उभारून करतात. भाव घसरले की नफा आटतो आणि भागांना ग्राहक मिळत नाही. चालू खाण एकदम बंद करता येत नाही, शोध मात्र पुढे ढकलता येतो. म्हणून कात्री प्रथम शोधावर चालते. उरलेला पैसाही कंपन्या नव्या मुलखापेक्षा जुन्या खाणींच्या आसपास खर्च करणे पसंत करतात.

तेलाचा अनुभव

जोखीम मोठी असते तेथे आरंभीचा भार बहुधा शासनास उचलावा लागतो. १९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९५८ साली खंबायत येथे व १९६० साली अंकलेश्वर येथे तेल शोधले. वडोदरा शहर या कार्याचे एक प्रमुख केंद्र बनले. १९७४ साली बॉम्बे हायचा शोध लागला. १९९९ पासून नव्या धोरणानुसार खाजगी कंपन्यांना निविदांद्वारे क्षेत्रे मिळू लागली. २००२ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वायूचा, तर २००४ साली राजस्थानातील बाडमेर येथे तेलाचा मोठा शोध खाजगी कंपन्यांनी लावला. परंतु २०१४ च्या मध्यास पिंपाला ११० डॉलरवर असलेला तेलाचा भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली गेला आणि जगभर शोधाचे कार्यक्रम आवरते घेण्यात आले.

कायदा आणि गोमंतक

भावाइतकाच कायद्याचाही परिणाम होतो. २०१५ च्या दुरुस्तीने खनिपट्टे लिलावाने देण्याची पद्धत आली. वाटपात पारदर्शकता आली खरी. पण शोध लावणाऱ्यालाच पट्टा मिळेल, ही शाश्वती उरली नाही. ज्याने बी पेरावे त्यालाच पीक मिळेल याचा भरवसा नसेल, तर पेरणार कोण? म्हणून त्याच दुरुस्तीने स्वामित्वधनाच्या २ टक्के रकमेतून राष्ट्रीय खनिज समन्वेषण न्यासाची तरतूद केली. पुढे २०२३ साली २९ खनिजांसाठी समन्वेषण अनुज्ञप्ती सुरू झाली. तीनुसार शोध लावणाऱ्यास लिलावातून येणाऱ्या रकमेत वाटा मिळण्याची सोय झाली.

गोव्यात २०१२ साली खाणकाम थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली, शिरगाव-मये आदी चार विभागांचे लिलाव झाले. लिलावाच्या पद्धतीत भूगर्भाची माहिती आधी हाती असावी लागते. ती जितकी नेमकी, तितकी बोली खरी. माहिती अपुरी असल्यास बोली लावणारा सावध राहतो आणि तोटा अखेर सार्वजनिक तिजोरीचा होतो.

ग्रामस्थांनी काय ध्यानी घ्यावे

विंधन म्हणजे खाण नव्हे. त्यानंतरही लिलाव, पर्यावरणविषयक मंजुरी व सर्वसाधारणपणे जनसुनावणी या पायऱ्या बाकी असतात. केवळ यंत्र दिसले म्हणून जमीन विकणे, किंवा रोजगाराच्या आशेने कर्ज काढून मालमोटार घेणे, हे दोन्ही धोक्याचे ठरते. खाण प्रत्यक्ष सुरू झाल्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होणारा निधी खाणबाधित गावांसाठी असतो. त्याची चौकशी ग्रामसभेने अवश्य करावी. शिक्षकांनी हा विषय मुलांना समजावून सांगावा. उद्या गावात यंत्र आले, तर त्याचा अर्थ विचारण्यासाठी लोक त्यांच्याकडेच येतील.