नापा-सोनोमाची सहल : पेला, लेबल आणि हिशेब

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा कॅलिफोर्नियातील द्राक्षतोडणीचा काळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मोटारीने जेमतेम दीड तासावर, नापा आणि सोनोमा आहेत. बे एरियातील मराठी मित्रमंडळींच्या सहलींत या दोन नावांना आता कायमचे स्थान मिळाले आहे. नाशिककडील माणसाला मात्र हे वेळापत्रक उलटे वाटते. तिकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : उन्हाळ्याच्या तोंडावर खरडछाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. वाइनची द्राक्षे उतरतात ती साधारण जानेवारी ते मार्च या काळात. वेलीला निजवणारी थंडी नाशिकला नाही, म्हणून ते काम कात्री करते. नापात हिवाळाच वेलीला निजवतो. पुढे उन्हाळ्यात पॅसिफिकवरून येणारे धुके रात्री गारवा राखते आणि फळात साखर भरत असतानाही आंबटपणा टिकतो.

या दोन प्रदेशांचे नाते निव्वळ तुलनेचे नाही. स्टॅनफर्डचे अभियंते राजीव सामंत ओरॅकलमधील नोकरी सोडून नाशिकला परतले, तेव्हा सोनोमातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांची साथ त्यांना लाभली. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

नापाचा दबदबा प्रस्थापित झाला तो १९७६ साली. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी लेबले झाकून घेतलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनीच शातो मोंटेलेनाची शार्डने आणि स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची कॅबर्ने सोव्हिन्यॉं यांना पहिला क्रमांक दिला. दोन्ही वाइन १९७३ च्या हंगामातील होत्या. नापाचे आजचे चढे दर आणि आधी वेळ ठरवून जाण्याची शिस्त पाहता, प्रथमच जाणाऱ्यांना सोनोमा अधिक मोकळे वाटेल असे माझे मत आहे.

बाटली विकत घेण्यापूर्वी लेबल वाचावे. लेबलावर द्राक्षाच्या जातीचे नाव असेल, तर त्या जातीची द्राक्षे किमान ७५ टक्के असावी लागतात. ‘नापा व्हॅली’सारख्या अधिकृत द्राक्षक्षेत्राचे नाव छापायचे तर ८५ टक्के द्राक्षे तिथलीच हवीत. अर्थात ‘कॅबर्ने’ म्हणून घेतलेल्या बाटलीत पावपर्यंत दुसरी द्राक्षे असू शकतात. ही भेसळ नव्हे. बोर्डोतही मिश्रणाचीच परंपरा आहे. शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात आणि लेबलावर त्याचा उल्लेख असेलच असे नाही. वायनरीत थेट विचारावे. हा प्रश्न तिथे कुणाला नवा नसतो.

आता हिशेब. एका ठिकाणी साधारण पाच वाइन चाखायला देतात, प्रत्येकी ३० ते ६० मिलिलिटर. साठ धरले तर एका वायनरीत ३०० मिलिलिटर होतात आणि तीन वायनऱ्यांत ९००, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीहून जास्त. अमेरिकेत १२ टक्के मद्यार्काची सुमारे १५० मिलिलिटर वाइन हे एक प्रमाण पेय मानतात. कॅलिफोर्नियाच्या लाल वाइनमध्ये मद्यार्क अनेकदा १४ टक्क्यांच्या पुढे असतो, म्हणून दिवसाअखेरीचा आकडा सहाच्याही वर जातो. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असे नाही. टेबलावर ठेवलेले भांडे थुंकण्यासाठी आणि उरलेली वाइन ओतण्यासाठीच असते. आपल्याला संकोच वाटतो, पण व्यावसायिक परीक्षक दिवसभर तेच करतात.

कॅलिफोर्नियात वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०८ टक्के आहे. मात्र एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांचा धोका न्यायालयातील दंडापुरता नाही. परराष्ट्र खात्याच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार, मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत नुसती अटक झाली असली, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. दोष सिद्ध होण्याची वाट पाहिली जात नाही. त्यामुळे अमेरिकेतील वास्तव्य लगेच बेकायदा ठरत नाही. देशाबाहेर पडल्यावर मात्र नव्या व्हिसाविना परतता येत नाही आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणीलाही सामोरे जावे लागू शकते. पुण्यात वडील रुग्णालयात आहेत आणि गेल्यास परत येता येईल की नाही हे ठाऊक नाही, असा पेच त्यातून उभा राहतो.

तेव्हा चालकासह गाडी ठरवावी, किंवा गटातील एकाने त्या दिवशी चाखणे पूर्ण टाळावे. दिवसाला दोन वायनऱ्या पुरेत, आणि त्यांच्यामध्ये पोटभर जेवण. अर्धवट उरलेली बाटली बूच घट्ट लावूनही आसनाजवळ ठेवू नये. कायद्याने ती डिकीतच हवी.