माणसाच्या अंगात रक्त किती?

आपल्या अंगात रक्त आहे हे सर्वांना ठाऊक आहे. गुडघा फुटला की दिसतंच. पण ते एकूण किती, असं विचारलं तर कोणी म्हणतं घागरभर, कोणी म्हणतं दोन बादल्या. एवढं नसतं. मध्यम बांध्याच्या निरोगी पुरुषाचे सगळे रक्त डेअरीला दूध घालायच्या पाच लिटरच्या किटलीत मावते, आणि किटली थोडी रिकामीच राहते.

आता तुम्ही म्हणाल, रक्त बाहेर न काढता ते मोजलं कसं? त्याची युक्ती रंगपंचमीसारखी आहे. समजा, हौदात पाणी किती आहे ते आपल्याला माहीत नाही. त्यात एक पेला गडद लाल रंग ओतला आणि चांगला ढवळला. मग हौदातलं थोडं पाणी काढून बघितलं. रंग शंभर पट फिका झाला असेल तर हौदात शंभर पेले पाणी आहे. हौद उपसायची गरजच नाही! १९१५ साली अमेरिकेत कीथ, राऊनट्री आणि गेराटी या डॉक्टरांनी माणसांच्या शिरेत असाच मोजून रंग सोडला, तो रक्तात मिसळू दिला आणि थोडे रक्त काढून तो किती फिका झाला ते पाहिले.

पण दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला रंग टोचत बसायला वेळ कुठला? म्हणून शास्त्रज्ञांनी पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त असे मोजले. त्यांची उंची आणि वजनही लिहून ठेवले, आणि त्यावरून हिशेब बसवला. १९५६ साली ॲलन व त्यांच्या सोबत्यांनी एक नियम काढला. १९६२ साली नॅडलर, हिडाल्गो आणि ब्लॉक यांनी तो सुधारला. पुरुषांसाठी त्यांचा नियम असा आहे :

उंची (मीटर) तीन वेळा मांडून गुणाकार करा. जे येईल त्याला ०.३६६९ ने गुणा. वजनाला (किलो) ०.०३२१९ ने गुणा. दोन्हींची बेरीज करून त्यात ०.६०४१ मिळवा. उत्तर लिटरमध्ये येते.

दशांश चिन्हाचे एवढे मोठे गुणाकार आम्हाला अजून नाहीत. ते गुरुजींनी फळ्यावर करून दाखवले. उंची तीन वेळा का, हेही त्यांनी खडूच्या खोक्यांवर दाखवले. एका खोक्याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच खोके करायचे तर दोन नाही, आठ खोकी लागतात. आम्ही रचून पाहिली, आठच लागली. उंची थोडी वाढली तरी आतली जागा पुष्कळ वाढते.

माझ्या वडिलांची उंची १ मीटर ७० सेंटिमीटर आणि वजन ६० किलो आहे. त्यांचे रक्त आले सुमारे ४.३४ लिटर.

यात एक गंमत आहे. एक माणूस उंच आणि किडकिडीत घ्या, १ मीटर ८० सेंटिमीटर, वजन ६० किलो. दुसरा ठेंगणा आणि जाड घ्या, १ मीटर ६० सेंटिमीटर, वजन ७५ किलो. रक्त कुणाचे जास्त? वर्गात सगळ्यांनी जाड्याचे नाव घेतले. पण किडकिडीत माणसाचे येते ४.६८ लिटर आणि जाड्याचे ४.५२ लिटर! कारण चरबीत रक्त कमी असते. नुसते वजन बघून रक्त ठरत नाही.

पैलवानाच्या बाबतीत मात्र हा नियम थोडा चुकतो. आपल्या सातारा-सांगलीकडे गावोगाव तालमी आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळवले. ५७ किलो म्हणजे काही फार नव्हे, पण पैलवानाचे वजन पिळदार अंगाचे असते. तेवढ्याच उंचीचा आणि वजनाचा, बसून राहणारा माणूस घेतला तर नियम दोघांचे उत्तर एकच देतो. खरे रक्त पैलवानाचे जास्त असते.

एवढा हिशेब करून उपयोग काय? हमरस्त्यावर अपघात झाला किंवा मोठे ऑपरेशन असले तर डॉक्टरांना हे लागते. निरोगी मोठ्या माणसाचे शंभरातले पंधरा भाग रक्त गेले तर शरीर सांभाळून घेते. चाळीस भाग गेले तर जिवावर बेतते. माझ्या वडिलांचे चाळीस भाग म्हणजे पावणेदोन लिटरसुद्धा नाही.

रक्तदानालाही हाच हिशेब. आमची आजी म्हणते, रक्त दिलं की माणूस खंगतो. शिबिरात ४५ किलोच्या पुढच्या माणसाचे ३५० मिलिलिटर रक्त घेतात. ५५ किलोच्या पुढे असेल तर ४५० घेता येते. माझ्या वडिलांचे ३५० घेतले. म्हणजे सुमारे बारावा भाग. त्यातले पाणी एकदोन दिवसांत भरून येते. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, म्हणून पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. आजीला हे मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, बघू.

माझ्या आत्तीला मात्र त्याच दिवशी परत पाठवले. तिचे वजन ४३ किलो भरले. तिला फार वाईट वाटले, ती म्हणाली की मी दिवसभर उसात काम करते, मला काय झालंय? बायकांचा नियम वेगळा आहे. तो लावून तिचे रक्त काढले (कागदावर!), तर ते आले २.८ लिटर. त्याला ३५० ने भागले की बरोबर ८ येतात. म्हणजे वडिलांचा बारावा भाग जातो तिथे आत्तीचा आठवा भाग गेला असता. हे तिला कागदावर दाखवल्यावर तिचा राग गेला.

हे दोन्ही नियम मोठ्या माणसांचे आहेत, आपल्याला चालत नाहीत. आपल्या वयाला दर किलोमागे सुमारे ७५ मिलिलिटर धरतात. माझे वजन २६ किलो, म्हणजे १९५० मिलिलिटर, दोन लिटरला थोडे कमी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे किलोमागे ८० धरले, तरी ३ किलोच्या बाळाचे २४० मिलिलिटरच होते. डेअरीतले पाव लिटरचे मापही त्याने भरत नाही. म्हणून दवाखान्यात बाळाचे रक्त तपासायचे असले तर बहुधा टाचेला टोचून थोडे थेंबच घेतात.