फुकटच्या कामाचा हिशेब : ओपन सोर्समधले जुने आणि नवे

२०१२ साली मी आयुष्यातला पहिला पॅच पाठवला. पॅच म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये सुचवलेली दुरुस्ती. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. या दुसऱ्या शब्दातला पापणीसारखा दिसणारा अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण मी वापरत असलेल्या शोधप्रणालीला एक सापडे, दुसरा सापडत नसे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पुस्तके समोर ठेवून प्रोग्रॅमिंग शिकलेला. चार रात्री खपून वीस ओळींची दुरुस्ती पाठवली. दोन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले : चाचण्या कुठे आहेत? नमस्कार नाही, आभार नाही. मी चिडून तो नाद सोडला आणि पुढे कित्येक वर्षे ‘ही मंडळी गढीत बसून असतात’ असे भेटेल त्याला सांगत राहिलो.

आज त्या माणसाची बाजू मला जास्त कळते. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा असे सॉफ्टवेअर. पण कुणी सुचवलेला बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा की नाही, हे ठरवतो तो मेंटेनर. पुष्कळ प्रकल्पांत तो एकटाच असतो, नोकरी सांभाळून, विनावेतन. माझ्या वीस ओळींनी हिंदी, नेपाळी, कोकणी मजकुरात काही बिघडत नाही ना, हे मराठी न येणाऱ्या त्या गृहस्थांना पाहावे लागणार होते. शिवाय मी निघून गेल्यावर त्या ओळी सांभाळायच्या त्यांनीच. मला वाटत होते मी भेट दिली. त्यांच्या दृष्टीने मी दारात वासरू बांधून गेलो होतो. दिवाळी अंकाच्या संपादकांना हे समजावून सांगायला नको. कविता लिहिणारे शेकड्यांनी, वाचणारे दोघे. आणि ‘साभार परत’ म्हणण्यासाठीसुद्धा आधी वाचावे लागते.

ऑक्टोबर २०२० मध्ये याचा कडेलोट झाला. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवत होती : महिनाभरात ठरावीक संख्येने बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा. त्या वर्षी माहितीपत्रकात एखादे विशेषण घुसवायचे आणि ते ‘योगदान’ म्हणून पाठवायचे, अशा प्रस्तावांचा पूर आला. त्यात भारतीय विद्यार्थी बरेच होते, हे मान खाली घालून लिहितो. मेंटेनर इतके वैतागले की, प्रकल्पाने स्वतःहून संमती दिली तरच तिथले बदल धरायचे, असा नियम काही दिवसांतच करावा लागला. त्या मुलांना नुसता दोष देण्यात मात्र अर्थ नाही. नोकरीच्या अर्जात ‘ओपन सोर्स योगदान’ मोजले जाते. त्या कामाची जात कोणती, हे शिकवणारे कुणी नसते.

मेंटेनरांचीही बाजू सोज्वळ नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वर्षानुवर्षांच्या अपमानास्पद पत्रांबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. पण तुसडेपणा गेला म्हणजे तंटा मिटतो, हे मला पटत नाही. त्याचे कारण एक्सझेडचे प्रकरण.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे साधन. लिनक्सच्या बहुतेक सगळ्या आवृत्त्यांत असते, म्हणजे जगभरच्या सर्व्हरांवर. ते दशकाहून अधिक काळ सांभाळत होते फिनलंडचे लासे कॉलिन, जवळजवळ एकटे. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी नेटके, उपयोगी पॅच पाठवू लागले. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावे उगवली आणि काम रेंगाळते, दुसरा मेंटेनर नेमा, असा तगादा सुरू झाला. कॉलिन यांनी शांतपणे उत्तर दिले : आस्था संपलेली नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारपणामुळे ताकद कमी पडते, आणि हा बिनपगारी छंद आहे. एवढे सांगून त्यांनी नव्या माणसाला हळूहळू अधिकार दिले. आपण सगळे मेंटेनरांना जे करा म्हणतो, नेमके तेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याचे चोरदार होते. ते चाचण्यांसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवले होते. माझ्या उत्तरातला तो ‘चाचण्या’ शब्द तेव्हा मला फार वेगळा ऐकू आला. मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. ते मागे लागले आणि २९ मार्चला बिंग फुटले. आवृत्ती बहुतेक ठिकाणी पोचण्याआधीच.

तगादा लावणारी ती नावे त्याच कटातली असावीत, असे बहुतेक जाणकार मानतात. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती पत्रे मुळीच वेगळी वाटत नाहीत. उशीर का, जमत नसेल तर सोडा : असे खरेखुरे वापरकर्ते रोज लिहितात. मीही लिहिले आहे. चोराला भाषा बनवावी लागली नाही, आमचीच उचलली.

हल्ली मी मराठी शब्दतपासणीची एक छोटी यादी सांभाळतो. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने चारशे शब्द पाठवले. तिचे खाते दोनच महिन्यांचे. पूर्वी मी ते आनंदाने घेतले असते. आता आधी खात्याची तारीख पाहिली आणि मग स्वतःचाच राग आला. शब्द अकरा दिवस तसेच पडून होते. बाराव्या दिवशी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या ओळीत नमस्कार घातला, दुसरीत आभार मानले आणि तिसरीत विचारले : हे शब्द कोणत्या कोशातून घेतले?