आकड्यावर चालणारं बंदर

दरवर्षी २० जानेवारीला दुपारी बरोबर बारा वाजता बेरिंग समुद्रात पॉलॉक या मासळीच्या ट्रॉलिंगचा, म्हणजे जाळं ओढत करायच्या मासेमारीचा, हंगाम उघडतो. त्या दिवसांत तिथे सूर्यच दहा वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा बारा म्हणजे सकाळच म्हणायची. या वेळी मासळीच्या पोटात गाबोळी भरलेली असते आणि जपान-कोरियातलं गिऱ्हाईक गाबोळीला जो भाव देतं, तो मांसाला देत नाही. म्हणून ऐन हिवाळ्यात, वादळांच्या दिवसांत, डच हार्बर जागं होतं.

अलास्काच्या नैऋत्येला शेपटीसारखी लोंबणारी बेटांची माळ म्हणजे अल्यूशियन. त्यातल्या उनालास्का गावाचं हे बंदर, अँकरेजपासून सुमारे १३०० किलोमीटर दूर. तिथून इथवर रस्ता नाही. विमानाची धावपट्टी डोंगर आणि पाणी यांच्या सांदीत बसवलेली. विमान उतरायचं झालं की शेजारच्या रस्त्यावरची गाड्यांची वाहतूक थांबवतात, आपल्याकडे रेल्वेच्या फाटकावर थांबवतात तशी. २०२० च्या जनगणनेत वस्ती भरली ४,२५४. हंगामात खलाशी आणि कारखान्यांचे कामगार आले की ती कितीतरी फुगते. बेटावर मुळात झाडं नाहीत. १८०५ साली रशियनांनी स्प्रूसची रोपं लावली, त्यातली मोजकी अजून उभी आहेत आणि तेवढ्यावर त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला आहे. पांढऱ्या डोक्याचा गरुड हा अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. इथे मात्र तो दिव्याच्या खांबांवर आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर इतका बसलेला असतो की लोक त्याला थट्टेने इथलं कबूतरच म्हणतात.

हा मुलूख उनांगन लोकांचा, काही हजार वर्षांपासूनचा. ३ आणि ४ जून १९४२ ला जपानी विमानांनी डच हार्बरवर बाँब टाकले. त्यानंतर अमेरिकी सरकारने अल्यूशियन आणि प्रिबिलोफ बेटांवरच्या ८८१ उनांगनांना ‘सुरक्षेसाठी’ उचलून आग्नेय अलास्कात नेलं आणि तिथल्या छावण्यांत डांबलं. त्यातल्या काही छावण्या म्हणजे मासळी डबाबंद करणारे पडीक कारखाने होते. दहातलं एक माणूस परतलं नाही. उनालास्कातले गोरे रहिवासी मात्र गावातच राहिले, यावरून सुरक्षेचा अर्थ काय तो लावावा. सरकारची माफी आली १९८८ साली.

आता खेकड्यांकडे. डच हार्बरचं नाव जगभर झालं ते किंग क्रॅबमुळे आणि २००५ पासून टीव्हीवर गाजलेल्या ‘डेडलिएस्ट कॅच’ या मालिकेमुळे. मालिकेत दिसतं ते खोटं नाही. खेकड्याचा पिंजरा लोखंडी, रिकामाच तीनशे किलोंच्या आसपास. असे पिंजरे डेकवर थरांनी रचायचे आणि निघायचं. थंडीत लाटेचा तुषार लोखंडावर पडला की जागीच गोठतो. बोटीच्या वरच्या अंगाला टनावारी बर्फ चढतो आणि बोट कलंडायला बघते. खलाशी मोठे हातोडे घेऊन रात्रभर तो बर्फ फोडत राहतात. फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘अमेरिकस’ आणि ‘अल्टेअर’ या दोन बोटी इथून निघाल्या आणि १४ जणांसह गेल्या. त्या दुखवट्यातून पुढे १९८८ चा सुरक्षा कायदा झाला, आणि जीवरक्षक पोशाख, तराफा, संकट कळवणारं यंत्र बोटीवर सक्तीचं झालं.

पण माणसं बुडत ती एकट्या थंडीने नव्हे, तर घाईने. जुनी पद्धत शर्यतीची होती: सगळ्यांसाठी मिळून एक आकडा ठरायचा, हंगाम उघडायचा आणि तो आकडा भरेपर्यंत ज्याने पकडले त्याचे खेकडे. अडीचशेच्या आसपास बोटी एकदम सुटायच्या आणि अख्ख्या हंगामाची कमाई तीन-चार दिवसांत आटपायची. वादळ आलं म्हणून थांबायची सोय नव्हती, कारण शेजारचा थांबत नव्हता. २००५ पासून प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून दिला गेला. हंगाम लांबला, घाई ओसरली. आणि पहिल्याच वर्षी किंग क्रॅबवर गेलेल्या बोटी शंभराच्या आत आल्या. बाकीच्या बोटींवरच्या शेकडो माणसांचं काम गेलं. ज्यांच्याकडे वाटा आला ते धक्क्यावर बसून तो भाड्याने देऊ लागले. जीव वाचले हे खरंच. पण दर्यावर राबणाऱ्याची कमाई दर्यावर न जाणाऱ्याच्या खिशात वळली, हेही तितकंच खरं. आणि धोकाही पुरता गेला नाही. २०१७ मध्ये ‘डेस्टिनेशन’ ही बोट सहा जणांसह बुडाली. चौकशीत निघालं तेच जुनं: चढलेला बर्फ आणि हिशेबापेक्षा जड पिंजरे.

आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ती तारखेची बंदी. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बाहेर पडलेल्या नाखव्याला मग कुणी किती टन म्हणून विचारत नाही. डच हार्बरमध्ये विचारतात. बेरिंग समुद्र आणि अल्यूशियन मिळून तळाजवळच्या सगळ्या मासळीची वर्षाची कमाल मर्यादा २० लाख टन. त्यात सिंहाचा वाटा पॉलॉकचा. पॉलॉकच्या बोटीवर सरकारमान्य निरीक्षक किंवा कॅमेरा असतो आणि जाळ्यात चुकून आलेला सामन एकेक करून मोजला जातो.

या पॉलॉकला मालिकेत कुणी विचारत नाही, पण बंदर चालतं त्याच्यावर. १९९७ पासून वर्षानुवर्षं, वजनाने, अमेरिकेतली सर्वात जास्त मासळी इथे उतरते. २०१९ साली ७६.३ कोटी पौंड, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख टन. कारखान्यांत फिलिपिनो, मेक्सिकन, व्हिएतनामी कामगार पाळ्यांवर राबतात आणि कारखान्याच्याच खोल्यांत राहतात. मासळी सोलून, वाटून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, पिळून, साखर घालून गोठवली की तिची सुरिमी होते. त्यासाठी गोडं पाणी इतकं लागतं की हे बंदर समुद्राइतकंच पावसावरही जगतं. या सुरिमीला रंग आणि वास दिला की ‘क्रॅब स्टिक’. म्हणजे खेकड्यांच्या राजधानीतून खेकडा नसलेला खेकडा जगभर जातो! रत्नागिरीतही हाच धंदा जोरात आहे. तिथे पॉलॉकच्या जागी राणी मासा.

या मोजणीवर सगळेच खूश नाहीत. युकॉन नदीकाठच्या मूळ रहिवाशांनी पिढ्यान् पिढ्या किंग सामन वाळवून हिवाळा काढला. तो मासा आटला म्हणून २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने मिळून त्याची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली. ट्रॉलरच्या जाळ्यात मात्र चुकून आलेल्या किंग सामनला एका आकड्यापर्यंत मुभा आहे. मासा आटण्यामागे तापलेलं पाणी मोठं कारण आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. ते मान्य करूनही, रिकाम्या जाळ्यापुढे बसलेल्या माणसाला ती मुभा टोचणारच.

आणि जे मोजलं जात होतं तेच एक दिवस सापडेना. २०१८ ते २०२१ या काळात बेरिंग समुद्रातून सुमारे १००० कोटी स्नो क्रॅब नाहीसे झाले. ते काही जाळ्यांनी नेले नव्हते. पाणी तापलं, थंड रक्ताच्या जिवांची भूक वाढली, खायला पुरलं नाही आणि ते उपाशी मेले, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा पूर्ण बंद ठेवला गेला होता. बोटी धक्क्याला बांधलेल्या, हप्ते चालू.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तो हंगाम पुन्हा उघडला. मर्यादा ठरली ४७ लाख पौंड. त्याच्या चार वर्षं आधी ती साडेचार कोटी होती.