कातडीखालचे रंग

झेडब्रश या संगणकीय शिल्पकलेच्या साधनात घडवलेल्या एखाद्या काल्पनिक प्राण्याचं डोकं शिल्प म्हणून पूर्ण होतं, तेव्हा त्यावर शिंगं, गळ्याच्या वळ्या, नाकपुड्यांच्या जाड कडा, ओठांच्या भेगा असं सगळं आलेलं असतं. रंग तेवढा मातीचा. नवशिका मग प्राण्याचा एक रंग ठरवतो, समजा शेवाळी, आणि तो कपाळापासून हनुवटीपर्यंत देऊन टाकतो. खोलगट जागी थोडा काळा, उंचवट्यांवर थोडा पिवळा. मातीचं डोकं आता रबरी दिसू लागतं.

अंधारात तळहातामागे टॉर्च धरली, तर बोटांच्या कडा लाल उजळतात. प्रकाश कातडीवरून नुसता परत फिरत नाही. तो आत शिरतो, विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर पडतो. हेन्रिक वान येन्सेन, स्टीफन मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनराहन यांनी २००१ मध्ये हे विखुरणं संगणकाला झेपेल अशा गणितात बसवलं. २००२ च्या ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटात गॉलम या संगणकावर घडवलेल्या पात्राच्या कातडीत असा प्रकाश प्रेक्षकांनी पाहिला. पण नुसत्या गणिताने गॉलम जिवंत झाला नसता. नटांच्या चेहऱ्यावर चढवायचे कृत्रिम अवयव रंगवण्यात मुरलेले जिनो असेव्हेडो वेटा या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांच्या कंपनीत होते. त्यांनी थरावर थर देण्याची ती रीत डिजिटल त्वचेपर्यंत आणली.

ही रीत आतून बाहेर येते. आधी तांबूस रंगाचे तुटक ठिपके, एकसारखे नव्हे, विरळ-दाट. मग निळसर शिरा, अस्पष्ट, मधूनच बुडणाऱ्या. हाड कातडीला टेकतं तिथे पिवळट छटा. त्यानंतरच प्राण्याचा स्वतःचा रंग, तोही अगदी पातळ, ब्रशचा जोर जेमतेम १०-१५ टक्के ठेवून. माणसाच्या चेहऱ्यात कपाळ पिवळसर, नाक-गाल-कान लालसर आणि दाढीची जागा निळसर-करडी असते. चार शिंगांच्या प्राण्याला हा नकाशा जसाच्या तसा लागू पडत नाही. पण रक्त कुठे जवळ आहे, हाड कुठे टेकलंय, कातडी कुठे झिजते, हे प्रश्न त्यालाही विचारता येतात. हाताने रंगवण्याची खरी किंमत इथे आहे. खोलगट जागा शोधून तिथे आपोआप मळ भरणारी साधनं आज सहज मिळतात, पण ती प्रत्येक सुरकुतीला सारखंच वागवतात. प्राणी कोणत्या कुशीवर झोपतो, हे त्यांना ठाऊक नसतं.

सपाट चित्र त्रिमितीय वस्तूवर चढवण्याची कल्पना एड कॅटमल यांनी १९७४ च्या प्रबंधात मांडली. त्यासाठी डोक्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उलगडून पसरावा लागे, आणि सांधे नेमके कानामागे नाहीतर मानेवर उघडे पडत. हॅनराहन आणि पॉल हेबरली यांनी १९९० मध्ये थेट वस्तूवरच रंगवण्याची पद्धत दाखवली. झेडब्रशमधली पॉलिपेंट ही रंगवण्याची सोय उलगडण्याची वाटच पाहत नाही: रंग शिल्पाच्या बिंदूंवरच साठतो. म्हणून बिंदू कमी असले, की रेषा फुटते. ४०९६ × ४०९६ च्या चित्राइतका तपशील हवा, तर सुमारे १.६८ कोटी बिंदू लागतात. ‘अवतार’ चित्रपटासाठी वेटामध्ये घडलेलं मारी हे साधन याच कामाचं, पण कितीतरी मोठ्या चित्रांसाठी.

रंगाच्या थरात उजेड-सावली रंगवू नये, हा नियम सगळेच शिकवतात, आणि तो बरोबर आहे. दृश्यातला दिवा बदलला की रंगवलेली सावली खोटी पडते. पण निसर्गाकडे पाहावं. चित्रकार अ‍ॅबट थेयर यांनी १८९६ मध्ये लिहिलं, की पुष्कळ प्राणी वरून गडद आणि पोटाकडे फिकट असतात. वरून पडणाऱ्या उजेडाचा गोलावा त्यामुळे पुसला जातो. म्हणून माथा गडद आणि गळा फिकट ठेवणं म्हणजे सावली रंगवणं नव्हे. तो त्या प्राण्याचाच रंग आहे.

डोकं रंगवण्यातलं सर्वात दुर्लक्षित काम म्हणजे चकाकीची कृष्णधवल प्रत. कुठे ओलं, कुठे कोरडं, एवढंच ती सांगते. म्हशीची नाकपुडी जवळून पाहिली, तर काळा रंग सगळीकडे जवळपास तोच दिसतो. ओल्या नाकावर उजेड तुकड्या-तुकड्यांनी चमकतो आणि वर केसांजवळ विझतो. पापण्यांची आतली कड, ओठांचे कोपरे, नाकपुडीचं तोंड या ओल्या जागा वेगळ्या रंगवल्याशिवाय डोकं पुढच्या माणसाच्या हाती देऊ नये.