ड्रेन आणि डिप्लीट: वाट आणि साठा

‘ड्रेन’ आणि ‘डिप्लीट’ या दोन्ही इंग्रजी क्रियापदांचा अर्थ मराठीत ‘रिकामे करणे’ असा दिला जातो, पण एकाच्या जागी दुसरे घातले की वाक्य भलतेच काही सांगू लागते. ‘ड्रेन’मध्ये वाट गृहीत असते. पाणी चरातून, मोरीतून किंवा पंपाने कुठून तरी कुठे तरी जाते. ‘डिप्लीट’ला वाटेशी कर्तव्य नाही. साठा होता, तो वापरात गेला आणि त्या मानाने भर पडली नाही, एवढेच ते सांगते.

बेंगळुरूच्या पाण्याची गोष्ट इंग्रजीत सांगायची तर दोन्ही क्रियापदे लागतात. संपंगी तलाव विसाव्या शतकात कोरडा करण्यात आला आणि पुढे तिथे कंठीरवा स्टेडियम उभे राहिले. करग उत्सवापुरते एक छोटे तळे तेवढे मागे राहिले. बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तलावांतला गाळ उपसण्यासाठीही त्यांतले पाणी आधी काढून द्यावे लागले. ही सारी ‘ड्रेन’ची उदाहरणे. बेळ्ळंदूरचे पाणी काढले म्हणून तो ‘डिप्लीट’ झाला असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्याच्याकडे येणारा ओघ कायम होता.

2024 च्या उन्हाळ्यात चित्र उलटे होते. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि शहरातल्या सुमारे 14,000 सरकारी बोअरवेलपैकी 6,900 कोरड्या पडल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. इथे कोणी चर खणला नव्हता की दार उघडले नव्हते. असंख्य पंप वर्षानुवर्षे चालू राहिले आणि काँक्रीटखाली गेलेल्या जमिनीत पाणी मुरेना. अशा भूजलाला ‘डिप्लीटेड’ म्हणतात.

बेंगळुरूत ‘ड्रेन’ या नामाची आणखी एक गंमत आहे. तिथल्या राजकालुव्यांना सरकारी इंग्रजीत ‘स्टॉर्म वॉटर ड्रेन’ म्हणतात. मूळ रचनेत वरचा तलाव भरला की जादा पाणी या कालव्यांतून खालच्या तलावात उतरायचे. म्हणजे वरच्याचा ‘ड्रेन’ ही खालच्याची आवक. राजकालुवे बुजवले की पाणी रस्त्यावर येते आणि खालचा तलाव उपाशी राहतो.

व्याकरणातही फरक आहे. ‘ड्रेन’चे कर्म भांडे असू शकते किंवा त्यातला द्रव: तलाव ‘ड्रेन’ करता येतो, तलावातले पाणीही. पेला शेवटच्या थेंबापर्यंत ‘ड्रेन’ करता येतो, पण ‘डिप्लीट’ केला म्हटले तर इंग्रजी वाचक हसेल. उलट समुद्रातली मासळी ‘डिप्लीट’ होते. शिवाय ‘डिप्लीट’ म्हणजे सगळे संपणे नव्हे. ‘डिप्लीटेड युरेनियम’ हे युरेनियमच असते, त्यातले युरेनियम-235 चे प्रमाण तेवढे घटलेले असते.

व्युत्पत्ती याला दुजोरा देते. ‘ड्रेन’ हा जुन्या इंग्रजीतला, ‘गाळून काढणे’ या अर्थाचा शब्द. ‘डिप्लीट’च्या पोटात लॅटिन ‘प्लेरे’, म्हणजे भरणे, आहे आणि आधीच्या ‘डि’ने ते उलटवले आहे. ‘रिप्लेनिश’ याच कुळातला, म्हणून ‘डिप्लीट’चा खरा विरुद्धार्थी तोच. बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी 2018 पासून कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडले जाते. तिथले भूजल वाढावे हा त्यामागचा हेतू, आणि त्याला इंग्रजीत ‘रिप्लेनिश’ हेच क्रियापद शोभते.

लाक्षणिक अर्थातही वाट सुटत नाही. दादाभाई नौरोजींनी भारताच्या दारिद्र्याचे कारण सांगताना ‘ड्रेन’ हा शब्द धरला आणि 1901 च्या ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात तो विचार एकत्र आणला. संपत्ती इंग्लंडकडे वाहत होती, हा त्यांचा मुद्दा. ‘डिप्लीशन’ म्हटले असते तर देश गरीब झाला एवढे कळले असते. पैसा कोणाच्या घरी गेला हा प्रश्नच उरला नसता. ‘ब्रेन ड्रेन’लाही तशीच दिशा आहे.

मराठी करताना ‘ड्रेन’साठी प्रसंगानुसार निचरा करणे, उपसणे, वाहून नेणे, तर ‘डिप्लीट’साठी घटणे, खालावणे, आटत जाणे ही क्रियापदे घ्यावीत. ‘रिकामे करणे’ दोन्हीकडे मोघमच ठरते.